पाहुणे जिंकतील असा सामना

मी अंबरनाथ सोडलं त्या दुपारी माझ्या भावाने एका टेम्पोची काच फोडली.

विमानतळावर न्यायला सांगितलेली सुमो बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्यापुढे कुणीतरी टेम्पो आडवा लावून ठेवला होता. टेम्पोवाला समोरच्या टपरीवर निवांत चहा पीत होता. दादाने त्याला दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही, सरळ डाव्या मुठीने खिडकीची काच फोडली. डाव्या, कारण त्याचा उजवा हात कोपरात वाकला होता तो वाकलेलाच राहिला होता. टेम्पोवाला शिव्या देत धावून आला. दादाने त्याची गचांडी धरून त्याला पत्र्यावर आपटलं, त्याच्या नाकातून रक्त आलं, आणि मग बाबा पुढे झाले. मला निरोप द्यायला जमलेल्या सगळ्या बायापोरांदेखत त्यांनी तिशीला आलेल्या दादाच्या दोन कानाखाली वाजवल्या. आई चटणीचा डबा छातीशी धरून उभी होती. तो तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा बाई. इथं रोजचंच आहे." परदेशी निघालेल्या लेकीला मिळालेला आशीर्वाद तो एवढाच.

शीळफाट्यापर्यंत मी दादाच्या मुठीतले काचेचे कण काढत बसले होते. मी नर्स, अमेरिकेतल्या मिलवॉकी नावाच्या शहरात एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून निघालेली, आणि माझा पहिला पेशंट घरचाच निघाला. नव्या ओढणीचा काठ फाडून पट्टी बांधली. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तो मात्र शांत होता. काही फोडलं की तो नेहमीच शांत व्हायचा. मुंब्र्याच्या पुढे कुठेतरी तो म्हणाला, "सुजे, तिकडं त्यांची एक बास्केटबॉलची मॅच बघ. टीव्हीवर नाही, जाऊन बघ. मॅच संपल्यावर ते खरंच हात मिळवतात का, तेवढं मला सांग."

हे त्याने का विचारलं ते तुमच्यापैकी जे बुवापाड्यातच राहिलेत त्यांना ठाऊक आहे. जे माझ्यासारखे लांब निघून गेलेत त्यांच्यातले काही विसरले असतील, म्हणून सांगते.

क्रिकेट सोडून आमची पोरं बास्केटबॉलकडे कशी वळली याचं लोकांना नवल वाटतं. कारण साधं होतं. शेजारच्या कारखान्याच्या कॉलनीत साहेबांच्या मुलांसाठी बांधलेलं सिमेंटचं कोर्ट होतं आणि कंपाउंडची भिंत एका जागी पडलेली होती. साहेबांची मुलं घरी गेली की आमची पोरं त्या भगदाडातून आत शिरायची आणि वॉचमन दांडक्याने त्यांच्या पोटऱ्या सोलून काढायचा. दादा पळायला तिथेच शिकला असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. शेवटी कॉलनीतल्या एका पी.टी.च्या सरांनी वॉचमनला आवरलं, पोरांना जुना बॉल दिला, आणि बुवापाड्याचा संघ उभा राहिला. दादा त्याचा कॅप्टन.

पुढे केबल आली आणि सकाळी सकाळी अमेरिकेतले सामने दिसायला लागले. त्यांची संध्याकाळ ती आपली सकाळ. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघताना बाबांना दादा टीव्हीला नाक लावून बसलेला दिसायचा. एकदा त्यांनी जेवणाचा डबा टीव्हीवर फेकला, तो टीव्हीला न लागता दादाच्या भुवईवर बसला. रक्त पुसत पुसत त्याने तो सामना शेवटपर्यंत पाहिला. त्याला शेवटच फार आवडायचा. हूटर वाजला की इतका वेळ एकमेकांच्या बरगड्यांत कोपर खुपसणारी ती ताडमाड माणसं हात मिळवायची, पाठीवर थाप मारायची. दादा ते डोळे मोठे करून बघायचा.

आमच्याकडे शेवट वेगळा असायचा. अंबरनाथ घ्या, उल्हासनगर घ्या, बदलापूर घ्या, कायदा एकच होता. यजमान हरले की पाहुण्यांना मार. हेंद्रेपाड्यातल्या एका सामन्यात आमच्या सेंटरला खेळणाऱ्या पोराचे पुढचे दोन दात पडले. आणि आम्ही कुठे साधे होतो? कल्याणचा संघ आमच्या मैदानावर जिंकला तेव्हा आमच्या पोरांनी त्यांना खडीने झोडपत पार रस्त्यापर्यंत नेलं होतं. घराघरात बुद्धाची तसबीर आणि मैदानावर हातात खडी, असा आमचा कारभार. म्हणून बाहेर खेळायला जाताना एक टेम्पो बरोबर न्यायचा. सामना जिंकत आलो की राखीव पोरांपैकी एकाने सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या टेम्पोत टाकायच्या, ड्रायव्हरने इंजिन चालू करायचं, आणि शेवटची शिट्टी वाजली रे वाजली की खेळाडूंनी गेटकडे धूम ठोकायची. याला आम्ही गाडी गरम ठेवणं म्हणायचो. कप नंतर कुणीतरी आणून द्यायचं, कधी कुणी आणायचंच नाही.

सामना बघणाऱ्यांसाठी बाबांचा नियम होता. घरचा संघ जिंकणार असेल त्याच मॅचला जायचं. मुलींना तर दुसरी परवानगीच नव्हती. त्यामुळे मी दादाला अंबरनाथमध्ये जिंकताना पुष्कळदा पाहिलं, बाहेर जिंकताना कधीच नाही.

उल्हासनगरात दादाचा हात गेला त्या फायनललाही मी नव्हते. मी मैदानापासून जवळच, सरकारी रुग्णालयात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची ड्यूटी करत होते. मैदानावरचं मला ऐकूनच ठाऊक आहे. शेवटच्या क्षणाला बास्केट टाकून दादाने सामना काढला. बाकीचे चौघे टेम्पोकडे पळाले. दादा पळाला नाही. तो उलटा फिरला आणि उजवा हात पुढे करून उल्हासनगरच्या कॅप्टनकडे चालत गेला. टीव्हीत करतात तसा.

त्या कॅप्टनचं नाव हरेश, जीन्सचं कापड विकणाऱ्या एका सिंधी दुकानदाराचा मुलगा. तोही हात पुढे करून येत होता. दोघांच्या मध्ये प्रेक्षकांतली पाचसहा पोरं घुसली. पहिली सळई दादाच्या पुढे केलेल्या हातावर पडली, नेमकी कोपरावर. दुसरी आणि तिसरीही तिथेच. खाली पडल्यावर बुटांनी बरगड्या तुडवल्या. हरेश मध्ये पडला तर त्याच्याच गावच्या पोरांनी त्याचं डोकं फोडलं. त्याने आणि एका भाजीवाल्याने मिळून दादाला हातगाडीवर घातलं आणि आमच्या रुग्णालयात आणलं. मी समोरूनच येत होते. गाडीवरून लोंबणारा हात कुणाचा हे मला पटकन कळलं नाही, कारण तो हातासारखा दिसतच नव्हता. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. हरेशच्या डोळ्यांत रक्त उतरत होतं आणि तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "दीदी, हम हाथ मिला रहे थे. बस, हाथ मिला रहे थे."

मारणारे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. बुवापाड्याला त्याची गरजही वाटली नाही. आठवड्याच्या आत पंधरावीस जण उल्हासनगरला गेले. त्यांना माहीत असलेलं दुकान एकच, हरेशच्या बापाचं. शटर वाकवलं, काचा फोडल्या, कापडाचे तागे गटारात तुडवले आणि म्हाताऱ्याला गल्ल्यावरून ओढून लाथा घातल्या. त्या लोकांत माझे बाबा होते. हरेशनेच दादाचा जीव वाचवला हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं, आणि तरी ते गेले. त्यानंतर दादा बाबांशी कामापुरतं बोलायला लागला, त्यांच्याबरोबर जेवायला बसेना, आणि उल्हासनगरात त्याने पाऊल टाकलं नाही.

हात जुळला पण सरळ होईना. बॉल गेला. एमआयडीसीत स्टोअरकीपरची नोकरी मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली, पण राग डाव्या हातात उतरला तो उतरलाच. टेम्पोच्या आधी दाराची फळी झाली होती, सायकलचं चाक झालं होतं, एका सुपरवायझरचा जबडाही झाला होता. आणि मनात तो एकच प्रश्न. टीव्हीवर दिसतं ते नाटक असेल, कॅमेऱ्यासाठी केलेलं, तर आपण येडे, आणि येडेपणापायी हात घालवला. ते खरं असेल तर आपण बरोबर होतो. ह्या दोनपैकी काय ते त्याला कळायला हवं होतं.

मिलवॉकीत माझे पाच हिवाळे गेले. खराट्याने अंगण झाडणारी मी फावड्याने बर्फ उपसायला शिकले. "हाऊ आर यू" हा प्रश्न नसतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं, हे शिकले. इकडे मारामाऱ्या नसतात असं मात्र समजू नका. माझ्या इमर्जन्सी वॉर्डात शनिवारी गोळ्या लागलेली पोरं येतात, त्यांच्या आया आपल्या आयांसारख्याच जमिनीवर बसून ऊर बडवतात. आमच्या शहरात व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ होता, स्टेडियम माझ्या घरापासून गाडीने जवळ. तरी मी गेले नाही. दर फोनला दादा विचारायचा आणि मी शिफ्ट पुढे करायची. खरं सांगायचं तर त्याच्या हाताचा निकाल मला एकटीला ऐकायचा नव्हता. तू ये, बरोबर बघू, असं म्हणत राहिले.

दुसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला आणि एका जानेवारीत दादा आला. माझं जुनं जाकीट घालून खिडकीतला बर्फ बघत तो म्हणाला, पालेगावच्या शेतांत आता बिल्डिंगा आल्यात, बाकी सगळं तसंच आहे. मी मॅचचं वेळापत्रक त्याच्यापुढे टाकलं. तो असेपर्यंत आमच्या शहरात चार सामने होते आणि मी एकाभोवती गोल करून ठेवला होता. पाहुणा संघ त्या वर्षीचा सगळ्यांत रडका. आपले लोक सहज जिंकतील, गर्दी खुशीत असेल, आरामात घरी येऊ. हे सगळं मी त्याला मोठ्या हौसेने सांगितलं.

दादाने त्या गोलाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू बाबांसारखी मॅच निवडतेस," तो म्हणाला.

मी हातातली कढई सिंकमध्ये आपटली. म्हटलं, मग काय करू, अठरा हजार चिडलेल्या लोकांत तुला नेऊन बसवू? तुझा एक हात गेला तेव्हा ते हाड मी बघितलंय, तू बेशुद्ध होतास. तो ओरडेल, काहीतरी फोडेल असं वाटलं. माझ्या काचेच्या कपाटाकडे माझं लक्ष गेलंसुद्धा. पण तो खुर्चीतून हलला नाही. "सुजे, जिंकल्यावर घरच्यांना हात मिळवायला काय जातंय," तो म्हणाला. "पाहुणे जिंकतील अशी मॅच दाखव. हरलेले काय करतात ते बघायचंय मला."

वेळापत्रकात तसा एक सामना होता. पूर्वेकडचा एक संघ त्या वर्षी कुणालाच ऐकत नव्हता आणि तो शुक्रवारी येणार होता. दोन दिवस मी तो टाळला, थंडीचं कारण सांगितलं, जागा वाईट आहेत असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिकिटं काढली.

आमच्या माणसांची खोड जात नाही. जागा घेताना मी खेळ कुठून दिसतो ते बघितलंच नाही, दार कुठे आहे ते बघितलं. गाडी पार्किंगमध्ये तोंड बाहेर करून लावली. आणि माझ्या गाडीला रिमोटने चालू होण्याची सोय होती, इथल्या थंडीत पुष्कळांच्या गाड्यांना असते. कोटाच्या खिशात ते बटण मुठीत धरून मी पूर्ण सामना बसले होते.

खेळ सुरू झाला तो धक्काबुक्कीनेच. टीव्हीवर एवढं कळत नाही. हाडावर हाड आदळल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. एकाच्या ओठातून रक्त आलं, तो ते थुंकून परत धावला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोघे जण छातीला छाती भिडवून उभे राहिले, पंचांनी मध्ये पडून सोडवले, आणि सगळं स्टेडियम उभं राहून गुरासारखं हंबरायला लागलं. मी दाराकडे बघून घेतलं. दादाचे डोळे मात्र लकाकत होते. पाहुण्यांनी बास्केट टाकली की तो एकटा डाव्या हाताने मांडीवर थाप मारायचा.

मागच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाला ते सहन झालं नाही. तो मघापासून बिअर ढोसत होता. शेवटचं क्वार्टर चालू होतं, पाहुणे पुढे होते, दादाने थाप मारली आणि मागून ग्लास आला. फेसाळ बिअर दादाच्या वाकड्या हातावर सांडली. वाईट म्हणजे तो माणूस हसला.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. दादा सांगतो त्यावरून, मी खुर्चीवर चढले, त्या माणसाची दाढी धरली, त्याचं डोकं खाली ओढलं आणि आमच्या नळावर ऐकू यायच्या त्या सगळ्या शिव्या त्याला क्रमाने दिल्या. त्याने मला ढकललं. मी त्याच्या नाकावर कोपर मारलं. तोंडात रक्ताची चव आली, ते त्याचं की माझं कळेना. सगळ्या शहाणपणाचा मक्ता घेतलेली मी, आणि मारामारी सुरू केली मीच. आणि तो, काचा फोडणारा माझा भाऊ, एका हाताने माझी कंबर धरून मला खाली खेचत होता. "सोड त्याला, सुजे. मॅच संपायला आलीय. बघू दे मला."

रखवालदार धावत आले. एका बाईने त्यांना बिअरचं सांगितलं तेव्हा त्यांनी त्या माणसाला बाहेर नेलं आणि मला फक्त बोटाने दम दिला. जरा इकडचं तिकडे झालं असतं तर आम्हालाही नेलं असतं आणि दादाचा प्रश्न पार्किंगमध्येच राहिला असता. मी खाली बसले. फाटलेला ओठ जिभेने चाचपत राहिले आणि खिशातलं बटण दाबलं. एवढ्या लांबून ते लागणार नाही हे मला माहीत होतं, तरी दाबलं.

हूटर वाजला. पाहुणे जिंकले होते.

दादा उभा राहिला. लोक हुर्यो करत होते, निघत होते, कुणी कागदाचे बोळे फेकत होते. कोर्टवरचे बहुतेक खेळाडू कुणाकडे न बघता सरळ आत चालायला लागले. नाटकच होतं तर. तेवढ्यात ज्याचा ओठ फुटला होता तो आमचा खेळाडू थांबला आणि मागे वळला. पाहुण्यांच्या कॅप्टनकडे गेला, हात पुढे केला. त्याने तो घेतला, दुसऱ्या हाताने त्याच्या मानेवर थोपटलं, काहीतरी म्हणाला, आणि दोघे दोन बाजूंना निघून गेले. पंख्याचं बटण दाबायला वेळ लागतो तेवढाच वेळ. कुणी बघतही नव्हतं. माणसं गाड्यांच्या किल्ल्या शोधत होती.

दादा पाणावलेल्या डोळ्यांनी त्या रिकाम्या कोर्टाकडे बघत राहिला. "एवढासाच वेळ लागतो, सुजे," तो म्हणाला. "एवढाही दिला नाही गं त्यांनी."

पाच वर्षांत मी इथे कितीतरी मरणं बघितली, पण त्या वाक्याने मी जशी रडले तशी कधी रडले नव्हते. आम्ही दोघे त्या चिकट खुर्च्यांवर बसून राहिलो, झाडूवाले आमच्या रांगेपर्यंत आले तोवर. मग उठलो आणि गर्दी नव्हती तरी हळूहळू चालत गाडीपर्यंत गेलो. त्या दिवसानंतर माझ्या घरात त्याने काहीही फोडलं नाही.

तो परत गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याचा मोबाइलवरून फोन आला. मागे रिक्षांचे आवाज होते. तो उल्हासनगरला गेला होता, एकटाच, कुणाला न सांगता, हरेशच्या दुकानात, आणि आता चालत घरी निघाला होता. दुकान नवं केलंय, म्हातारा अजून गल्ल्याशेजारी बसतो, एक पाय ओढतो, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "दारातच उभा राहिलो आणि हात पुढे केला. माझा हात पुरत नाही, तुला माहितीये. तो काउंटरच्या आत, मी बाहेर. हरेश नुसता बघत राहिला. मला वाटलं, आता बसतो फटका. बसला तर बसू दे म्हटलं. मग काउंटरची फळी वर करून तो बाहेर आला."

मी विचारलं, म्हातारा? दादा म्हणाला, म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. बरोबर आहे त्याचं. पुन्हा जाईन.

लोक मला विचारतात, आता घर कुठलं वाटतं? आधी मी अंबरनाथ म्हणायची, मग काही वर्षं मिलवॉकी. आता वाटतं, ज्या गावात मला मार बसण्याची भीती वाटते आणि जिथे मी मारायलाही उठते, ती दोन्ही माझीच गावं. दादाने ते आधी ओळखलं होतं. माझं शरीर इथे, माझी भीती तिथली, आणि ती भीती तिथेच जाऊन सोडवावी लागणार होती. ते काम माझ्या वाटणीचंही त्याने करून टाकलं.

दादाचा फोन ठेवते न ठेवते तोच बाबांचा आला. एरवी ते फोन करत नाहीत. गल्लीतल्या कुणीतरी दादाला उल्हासनगरात बघितलं होतं आणि त्यांच्या कानावर घातलं होतं. पोरं बरोबर होती का, कुणाची गाडी नेली होती, गाडी गेटाशी उभी ठेवली होती का, एकामागून एक विचारत सुटले. मग म्हणाले, "सुजाता, त्या दुकानातनं तो निघाला कसा?"

"चालत, बाबा," मी म्हटलं. "चालतच येतोय घरी."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "जेवायचा थांबतो मी."